नवव्या वचनाचे काय झाले?

परवा एका लग्नाच्या उपासनेत एका विद्वान पाळकसाहेबांनी नवरीला बोध करता करता समस्त स्त्रीजातीचे तोंड बंद करून टाकले. म्हणणे थोडक्यात असे: तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या बाराव्या वचनात, स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार गाजवू नये असे लिहिले आहे, हव्वा फसली, येशूचे बाराही प्रेषित पुरुष, सबब विषय संपला. विषय संपला म्हणणारे तो दर लग्नात नव्याने संपवत असतात, म्हणून हा लेख.

किरकोळ मुद्दे आधी उरकू. हव्वा फसली, खरे. पण आदाम फसला नव्हता असे तेच पत्र सांगते. म्हणजे त्याने उघड्या डोळ्यांनी फळ खाल्ले, आणि व्यासपीठ मात्र त्याच्याच लेकांना! बाराही प्रेषित पुरुष होते, तसे बाराही यहूदी होते. या न्यायाने अहमदनगरचा पाळकही बाद. करिंथकरांच्या मंडळीत स्त्रियांनी गप्प राहावे म्हणणाऱ्या पत्रातच, अकराव्या अध्यायात, त्यांनी प्रार्थना आणि संदेश कसा द्यावा याची रीत आहे. डोके झाकायला सांगितले आहे, तोंड नव्हे.

आता बारावे वचन. पाळकसाहेब ते वाचत होते तेव्हा पहिल्या रांगेत वऱ्हाडातल्या बायका बसल्या होत्या. हातात पाटल्या, गळ्यात मोत्यांचा तन्मणी, अंबाड्यावर गजरे. नवरीच्या शालूचे तर साहेबांनीच कौतुक केले. त्याच पानावर, तीनच वचने वर, नवव्या वचनात, गुंफलेले केस, सोने, मोती आणि किमती वस्त्रे यांना मनाई आहे. साहेबांचे बोट नवव्यावरून घसरले ते थेट बाराव्यावर थांबले. आठवे तर त्याहून अवघड: पुरुषांनी राग आणि वाद सोडून, हात वर करून प्रार्थना करावी. ज्याने पंचकमिटीची एक तरी बैठक पाहिली आहे, त्याला हे वचन कोणी लावून धरत नाही याचे नवल वाटणार नाही. पाचव्या अध्यायात साठ वर्षांखालच्या विधवेचे नाव यादीत घेऊ नये म्हटले आहे. त्याच अध्यायात तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले आहे. हे विचारले की उत्तर तयार: ती त्या काळाची, इफिसची रीत. ठीक. मग सगळी वचने इफिसला राहिली आणि बाराव्यालाच तेवढे आमच्या गावचे तिकीट कसे मिळाले? शिवाय या वचनात अधिकारासाठी जो ग्रीक शब्द आहे, तो साऱ्या नव्या करारात याच एका ठिकाणी येतो. त्याच्या अर्थावर पंडित अजून भांडताहेत. आमच्याकडे निकाल लागून गेला.

हा खेळ जुना आहे. आमच्या मंडळीत पूर्वी एका बाईंनी पुढे उभे राहून शास्त्रपाठ वाचावा की नाही यावर दोन रविवार गेले. पुढे बायकांना कमिटीत घ्यावे का, असा प्रश्न आला. तेव्हा हिशेबाचे कारण निघाले. कारणे बदलत गेली, वचन तेच राहिले. मुलांना शिकवायला मात्र कधी हरकत आली नाही. संडे स्कूल बाईने चालवावे, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना बाईने करावी. अडचण शिकवण्याची नाहीच, खुर्चीची आहे. आणि ज्या तीमथ्याला हे पत्र गेले, त्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला, असे त्याला लिहिलेले दुसरे पत्रच सांगते!

मग आमचे म्हणणे काय? साधे आहे: बाईलाही व्यासपीठावरून शिकवू द्यावे. दाखले शास्त्रातच आहेत. फिबी किंख्रियाच्या मंडळीची सेविका. पौल स्वतःलाही तोच ग्रीक शब्द लावतो. प्रिस्किल्लेने नवऱ्याबरोबर अपुल्लोसारख्या वक्त्याला मार्ग नीट समजावून दिला. युनियेला चौथ्या शतकातल्या योहान क्रिसोस्तोमाने प्रेषितांत गणून गौरवले. पुढच्या काही पंडितांनी तिला मिशा लावून युनियास केले. पुनरुत्थानाचा निरोप घेऊन शिष्यांकडे गेली ती मग्दालीया मरीया.

घरचा दाखला हवा तर पंडिता रमाबाई. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची विद्वत्ता पारखून त्यांना ‘सरस्वती’ म्हटले. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या आणि इंग्लंडात चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्यावर, १९२४ मध्ये ते पूर्ण छापून निघाले. त्यातले बारावे वचनही एका बाईनेच आपल्याला समजावून दिले आहे.

तेव्हा पाळकसाहेबांना एकच विनंती. पुढच्या लग्नात वाचन आठव्या वचनापासून सुरू करा. आधी पुरुष हात वर करतील, भांडणे मिटवतील. मग पाटल्या आणि तन्मणी उतरतील, गजरे निघतील, शालू बदलला जाईल. इतके सगळे झाल्यावर बाराव्यापर्यंत पोहोचलात, तर आम्ही गप्प बसून ऐकू.