शिखर थांबते, वय थांबत नाही

गेल्या उन्हाळ्यात आमचा अकरा वर्षांचा नातू कळसूबाईस जावयाचे म्हणून हटून बसला, आणि अंबाजोगाईच्या आमच्या घरात दोन पक्ष पडले. आजी म्हणाली, "मुकुंदराजांच्या समाधीकडे पोर उतरले तरी माझा जीव थाऱ्यावर नसतो." मुलाचे वडील म्हणाले, "भिऊन घरात ठेवलेले मूल पुढे कोणत्या कामाचे?" निवाडा अर्थातच आमच्याकडे आला.

चिरंजीवांनी मालावत पूर्णाचा दाखला दिला. आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातील शेतमजुरांची ही कन्या २५ मे २०१४ रोजी, चौदावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, एव्हरेस्टवर पोहोचली. यावर आजीचे उत्तर असे की, नेपाळात सोळा वर्षांखालील मुलांस परवानगी नव्हती, म्हणून तिला तिबेटकडून चढावे लागले. आणि असा नियम कोणी उगाच करीत नाही.

पूर्णाच्या धैर्याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु आजीचे म्हणणेही पोकळ नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रकाठच्या मानाने प्राणवायू सुमारे एक तृतीयांशच मिळतो. विरळ हवेने डोके दुखू लागते, मळमळते, आणि त्रास वाढू लागला तर खाली उतरणे हाच खरा उपाय. लहान मूल हे वेळेवर सांगेलच असे नाही. मागे राहिल्याची त्यास लाज वाटते.

तथापि आमच्या मते खरा धोका उंचीहून निराळाच आहे. ‘सर्वांत लहान गिर्यारोहक’ ही पदवी वयाशी बांधलेली असते. पर्वत पुढील वर्षीही जागीच असतो; पदवी मात्र वाढदिवसाबरोबर निसटते. म्हणून हवा बिघडली असताही परत फिरणे जड जाते. मुंबईच्या काम्या कार्तिकेयन हिने बाराव्या वर्षी, २०२० साली, दक्षिण अमेरिकेतील अकोन्काग्वा शिखर गाठले. एव्हरेस्टवर मात्र ती २०२४ साली, सोळाव्या वर्षी, वडिलांसह गेली. मधल्या चार वर्षांत पर्वत कोठे पळाला नाही.

कठोपनिषदात पित्याने रागाच्या भरात उच्चारलेल्या एका शब्दापायी कुमार नचिकेत्यास यमाच्या दारी जावे लागले. अभिमानाच्या भरात उच्चारलेला शब्दही तितकाच भारी असतो, हे आम्हां वडीलधाऱ्यांनी विसरू नये.

कळसूबाई अवघी १,६४६ मीटर. तेथे विरळ हवेचे भय नाही. भय आहे ते निसरड्या खडकांचे, लोखंडी शिड्यांचे आणि गर्दीचे. आम्ही निवाडा दिला तो असा : पावसाळा सरल्यावर जावे, वडिलांनी सोबत असावे, आणि मुलाने "परत" म्हणताच, कारण न विचारता, परतावे.

मार्गशीर्षात बापलेक गेले. शेवटच्या शिडीपाशी वारा फार होता. मुलगा म्हणाला, "आता परत जाऊ." माथा समोर दिसत होता. त्या घटकेस आपणांस मोह पडला, हे चिरंजीव आजही कबूल करतात. परंतु वचनास जागून ते उतरले.

घरी येताच शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "काय रे, वर पोहोचलास का?" मुलाचा चेहरा पडला. आम्ही काही बोलणार, तोच आतून आजीचा आवाज आला, "डोंगर कुठे जातो? पुढच्या वर्षी जाईल."