जकातीचा तिसरा हकदार

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मोहल्ल्यामोहल्ल्यात मोठी उलाढाल होते. ईदच्या बाजारातली सगळ्यांना दिसते. मी बोलतो आहे ती जकातीची. निसाबइतकी मालमत्ता वर्षभर ज्याच्याजवळ राहिली, त्याच्यावर अडीच टक्के जकात फर्ज आहे आणि बहुतेक जण ती याच महिन्यात काढतात. रोख, शिधा, कपडे, मुलांची फी अशा रूपाने ती घराघरातून बाहेर पडते. देणारा मनापासून देतो, याबद्दल शंका नाही. पण एकाच विधवा बाईला पाच वर्षे तीच शिध्याची पिशवी देताना, संजय गांधी निराधार योजनेचे दरमहाचे अनुदान तिला का मिळत नाही, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? बहुतेकदा कारण साधे असते. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढलेला नसतो, नाहीतर रेशन कार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरेच. तहसील कार्यालयात दोन हेलपाटे घालून ती बाई गप्प बसलेली असते. पिशवी महिन्याभरात संपते. दाखला मात्र एकदा निघाला की कायमचा.

हा दाखला काढून देणे, त्याआधी त्या बाईकडून खरी अडचण काय ते ऐकून घेणे, हे शिकण्याचे काम आहे. आणि ते शिकवणारी पदवी आहे: बॅचलर ऑफ सोशल वर्क, म्हणजे बीएसडब्ल्यू. बारावी कोणत्याही शाखेची चालते. तीन वर्षांत पदवी, नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे वर्ष केले तर ऑनर्स. अलीकडे बारावीची परीक्षा आणि रमजान एकत्रच येतात, म्हणून हा विषय आत्ताच काढतो. निकाल लागल्यावर घरोघरी इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, डी.एड. अशी सगळी चर्चा होते. एखाद्या मुलीने बीएसडब्ल्यूचे नाव काढलेच तर उत्तर ठरलेले आहे: समाजसेवेला डिग्री कशाला? ती तर आपण करतोच!

या उत्तरावर मला कुरआनाकडेच बोट दाखवावेसे वाटते. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. गरीब आणि मोहताज हे पहिले दोन. तिसरा कोण? कर्जदार नाही, मुसाफिर नाही. ते नंतर येतात. तिसरा आहे आमिल, म्हणजे जकात गोळा करण्याचे, तिचा हिशेब ठेवण्याचे आणि ती पोहोचवण्याचे काम करणारा माणूस. त्याच्या मेहनतान्याची सोय जकातीतच आहे. म्हणजे हे काम फावल्या वेळात, फुकटात उरकावे अशी अपेक्षा तिथे नाही. कामाबरोबर जबाबदारीही आली. जकात गोळा करायला पाठवलेला एक आमिल परत येऊन सांगू लागला, की हे तुमचे आणि हे मला लोकांनी भेट दिलेले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला मिंबरवरून जाहीर समज दिली. घरी बसला असता तर ती भेट आली असती का, असा त्यांचा प्रश्न होता. बीएसडब्ल्यूच्या वर्गात व्यावसायिक नीतिमत्ता शिकवतात, तिच्यातला पहिला धडा हाच आहे.

आजच्या संस्थांचे पगारी कर्मचारी ‘आमिल’ या व्याख्येत बसतात की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो निवाडा त्यांचा. माझा मुद्दा एवढाच, की मदत पोहोचवणे हे स्वतंत्र काम आहे आणि ते करणाऱ्याला मोबदला असावा, हा विचार आपल्याला परका नाही.

या पदवीत नेमके काय शिकवतात? समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदे हे असतेच. कणा मात्र क्षेत्रकार्याचा. विद्यार्थी त्याला फिल्डवर्कच म्हणतात. साधारणपणे आठवड्याचे दोन दिवस वर्गाबाहेर: वस्तीत, रुग्णालयात, शाळेत, व्यसनमुक्ती केंद्रात किंवा एखाद्या संस्थेत. दिवसभरात काय पाहिले, कोणाशी काय बोललो, आपण काय बोलायला नको होते, हे सगळे जर्नलमध्ये लिहायचे आणि मार्गदर्शक शिक्षकांसमोर बसून त्यावर चर्चा करायची. एकेका माणसासोबत केसवर्क, गटासोबत ग्रुपवर्क, पुढे समुदाय संघटन. नावे जड वाटतात, पण त्यामागची शिस्त सोपी नाही. समोरच्याचे गुपित बाहेर जाऊ द्यायचे नाही. त्याला उपदेश करायचा नाही. नवऱ्याचा मार खाऊन आलेली बाई पुन्हा त्याच घरी जाते म्हणाली, तर तिच्यावर रागवायचे नाही. धोका समजावून सांगायचा, दुसरे रस्ते दाखवायचे आणि निर्णय तिचा तिला घेऊ द्यायचा. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला हे शिकायला किती जड जात असेल! शिधावाटपाचे फोटो मोबाईलवर फिरवणाऱ्या आपल्यासारख्या मोठ्यांनाही यातला एखादा तास बसवायला हवा.

बरे, हे शिक्षण आपल्यापासून दूरचे आहे असेही नाही. भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण सुरू झाले ते मुंबईच्या नागपाड्यात. क्लिफर्ड मॅनशर्ट या अमेरिकन मिशनऱ्याने तिथे नागपाडा नेबरहूड हाऊस चालवले होते. त्याच ठिकाणी 1936 साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कची सुरुवात झाली आणि मॅनशर्ट तिचे पहिले संचालक झाले. हीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुढे मुंबईत 1955 साली निर्मला निकेतन आले, 1963 साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आली, विदर्भात तर अनेक महाविद्यालये निघाली. मुसलमान मोहल्ल्यात उगवलेल्या या झाडाची फळे मोहल्ल्याने किती चाखली, हा प्रश्न मला सतावतो.

या शिक्षणाचा उपयोग कुठे होतो, हे पाहायचे तर 1984 साल घ्या. टाटा संस्था आणि मुंबई पोलिसांनी मिळून पोलीस आयुक्त कार्यालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे खाकी वर्दीऐवजी प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बाईची तक्रार ऐकून घेते. हे कक्ष नंतर राज्यभर पसरले. बाल न्याय मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या जोडीला दोन समाजकार्यकर्ते बसतात आणि त्यांत किमान एक स्त्री असावी, असे कायदाच सांगतो.

रुग्णालयाचे उदाहरण तर प्रत्येक मशिदीला माहीत असायला हवे. जुम्याच्या नमाजनंतर एखाद्या रुग्णासाठी झोळी फिरते. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. हे दार कोणती कागदपत्रे घेऊन, कोणाकडे, केव्हा ठोठवायचे, हे रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याला ठाऊक असते. झोळीत जमले त्याच्या कितीतरी पट रक्कम एका अर्जाने वाचू शकते. अर्ज मात्र वेळेत करावा लागतो, रुग्णाला घरी सोडण्याच्या दिवशी नव्हे.

आईवडिलांची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. पगार कमी असतात, नोकऱ्या बऱ्याचदा कंत्राटी, प्रकल्प संपला की नोकरी संपली. वकिलांसाठी बार कौन्सिल, परिचारिकांसाठी नर्सिंग कौन्सिल आहे. समाजकार्याच्या सर्वसाधारण पदवीधरासाठी असे स्वतंत्र वैधानिक कौन्सिल देशात अजून नाही. म्हणून कोणीही दोन कार्यक्रम करून स्वतःला समाजसेवक म्हणवतो आणि पदवीधराची किंमत पडते. मुलीला अनोळखी वस्तीत, पोलीस ठाण्यात पाठवायचे, हीही धाकधूक खरी आहे. पण मोहल्ल्यातल्या ज्या घरांत पुरुष स्वयंसेवकाला उंबऱ्याबाहेर थांबावे लागते, तिथे ही मुलगी सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसते. तिला घरातली बोली येते, तहसीलदाराची मराठीही येते. ती फक्त आपल्याच माणसांसाठी शिकेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. फिल्डवर्क तिला आदिवासी पाड्यावर नेईल, दुसऱ्या धर्माच्या वस्तीत नेईल, जिथे कोणी जात नाही अशा माणसांच्या दारातही नेईल. मला तर हा या पदवीचा सर्वांत मोठा लाभ वाटतो.

मशिदींचे ट्रस्ट आणि बैतुलमाल चालवणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. गरजू विद्यार्थ्याला जकात देता येते; मेडिकलच्या मुलाला फी देता तशी बीएसडब्ल्यूच्या मुलीलाही द्या. आणि जवळच्या समाजकार्य महाविद्यालयात जाऊन तिथले विद्यार्थी फिल्डवर्कला मागा. त्यासाठी आपली यादी, आपले हिशेब त्यांच्यापुढे उघडावे लागतील. तयारी आहे का?

पालकांसाठीही एक सूचना. प्रवेश घेताना इमारत पाहू नका. फिल्डवर्क कोणत्या संस्थांमध्ये असते, एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असतात, ते शिक्षक स्वतः वस्तीत येतात का, जर्नल दर आठवड्याला तपासले जाते का, हे विचारा. शक्य झाले तर दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याचीही गाठ घ्या. त्याचे फिल्डवर्क फक्त सह्यांपुरते होत असेल, तर फॉर्म भरू नका. दुसरे महाविद्यालय शोधा.