पायातला ताल

आम्हा मास्तर मंडळींना एक खोड असते. समोर चार मुले दिसली, की "सरळ उभे राहा, हलू नका" हे शब्द तोंडातून आपोआप बाहेर पडतात. परवा माझ्या या खोडीची चांगलीच फजिती झाली.

शेजारच्या शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले होते. "सर, समूहगीतातले उच्चार तेवढे पाहून जा," असा हेडमास्तरांचा निरोप आला. मराठीचा प्राध्यापक म्हणजे उच्चारांचा फौजदार, अशी लोकांची समजूत असते. गेलो. पन्नासेक मुले तीन रांगांत, हात मागे बांधून पुतळ्यांसारखी उभी होती. शब्द स्वच्छ होते. पण गाणे दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांत बांधलेले. अंतरा संपला, की शेवटच्या तीन मात्रा गप्प राहायचे आणि मग समेवर ध्रुवपद उचलायचे. दर खेपेला शेवटची रांग एक मात्रा आधीच ध्रुवपदावर तुटून पडे.

त्या रांगेतला एक काटकुळा मुलगा मात्र नुसतेच तोंड हलवीत होता. "त्याला आवाज काढू नको म्हणून सांगितलंय, गेल्या वर्षीपासून," शेजारच्या मुलीने माहिती पुरवली.

मी चरकलो. पाचवीत मलाही हेच सांगण्यात आले होते. तेव्हापासून पस्तीस वर्षे घरच्या गणपतीच्या आरतीतही मी फक्त टाळ्या वाजवीत आलो आहे.

संगीताच्या बाई यंदाच आलेल्या. त्या म्हणाल्या, "रांगा मोडा आणि चालायला लागा." पहिल्या मात्रेवर उजवे पाऊल, चौथीवर डावे. गप्प राहण्याची जागा आली, की डावे पाऊल टाकताना तळहात उघडा करायचा, तालात खाली दाखवतात तसा. आता मुलांना मात्रा मोजाव्या लागेनात. उजवे पाऊल पडेपर्यंत ध्रुवपद उचलताच येईना! लांब ओळीला हाताने हवेत सावकाश कमान काढायची, ओळ संपेल तेव्हाच ती संपवायची. श्वास पुरू लागला. वरच्या षड्जाला हनुवट्या वर जात आणि गळे आवळत. तिथे बाईंनी गुडघे किंचित वाकवून तळवे खाली दाबायला लावले. आवाज मोकळा झाला.

युरोपात हा विचार एमिल जाक-दालक्रोझ याने मांडला. १८९२ पासून तो जिनीव्हाच्या संगीतशाळेत स्वरसंगती शिकवीत असे. कागदावर अचूक स्वर मांडणाऱ्या विद्यार्थ्यांना तेच स्वर कानांनी ऐकू येत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने त्यांना संगीताबरोबर चालायला लावले. लय आधी अंगात, मग कागदावर, असा त्याचा क्रम.

पण यासाठी जिनीव्हाला कशाला जायला हवे? कवितेच्या ओळीला आपण 'चरण' म्हणतो, 'पद' म्हणतो. दोन्हींचा अर्थ पाऊल! टाळमृदंगावर पावली खेळणाऱ्या वारकऱ्याला मात्रा कोणी फळ्यावर शिकवल्या नाहीत. आणि मी? वीस वर्षे लघुगुरूंच्या खुणा फळ्यावर काढून वृत्ते शिकवतो आहे, बाकावर जखडलेल्या मुलांना!

तासाभराने तो काटकुळा मुलगाही चालता चालता गाऊ लागला. बाई हळूच म्हणाल्या, "सर, याचा सूर बरा आहे. हा फक्त एक मात्रा घाई करायचा. त्याच्यामुळं मागची रांग चुकायची, आणि तो गप्प झाल्यावरही तिची सवय गेली नाही."

संमेलनाच्या दिवशी मुले रंगमंचावर स्तब्ध उभी होती. चालणे बाईंनी हळूहळू काढून घेतले होते; आधी जागच्या जागी पावले, मग नुसता अंगाचा तोल, मग तेही नाही. ध्रुवपद मात्र सर्वांनी एकदम उचलले. शिस्त होतीच, पण ती आतून आलेली.

यंदा गणपतीत आरती सुरू झाली, तेव्हा मी पायाने ताल धरला आणि तोंड उघडले. सूर कसा लागला, कोण जाणे. बायकोने तबक हातात धरूनच वळून पाहिले. थांबली मात्र नाही. मीही थांबलो नाही.