दंतकथा उरली, नोंदी हरवल्या

दिव्याचे बटण दाबून अंधार होण्याआधी कूल पापा बेल अंथरुणात शिरत असे, ही त्याचा सहकारी सॅचेल पेज याची थट्टा बेसबॉलप्रेमी आजही कौतुकाने सांगतात. (बटणच बिघडलेले होते, हा बेलचाच खुलासा!) पण आकड्यांऐवजी दंतकथाच का उरली? कारण १९२२ पासून कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये धावणाऱ्या या खेळाडूचा वेग नीट नोंदवावा, असे गोऱ्या अमेरिकेला वाटलेच नाही. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनसाठी मेजर लीगचे दार उघडले, तेव्हा बेलची चाळिशी उलटली होती. पुढे त्याने सेंट लुईसच्या नगरभवनात झाडलोट केली, रात्रीचा पहारा दिला. त्या लीगना ‘मेजर’ दर्जा मिळाला २०२० मध्ये. हे औदार्य नव्हे, थकबाकी होती. आणि धनको १९९१ मध्येच वारला होता.