घोरण्याची साक्षीदार

आमच्या बचत गटाच्या बैठकीत नवऱ्यांच्या घोरण्याचा विषय निघाला की हशा ठरलेलाच. त्या दिवशी मात्र एकजण हसली नाही. तिचे यजमान खासगी बसवर रात्रीचे ड्रायव्हर. म्हणाली, "ताई, घोरण्याचं काही नाही हो. मध्येच घोरणं बंद पडतं ना, तेव्हा भीती वाटते. श्वासच थांबतो यांचा. मी हलवून उठवते."

डॉक्टर ज्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, त्याचं हे अगदी नेमकं वर्णन. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, कधी 10 सेकंद, कधी त्याहून जास्त. मग मेंदू दचकून जागं करतो. तासाला 30 वेळा असं होत असेल तर आजार तीव्र समजतात. माणूस 8 तास अंथरुणात असतो, पण उठतो तो न झोपल्यासारखा. मग दिवसभर बसल्या जागी डुलक्या. आमच्याकडेही घोरणं आहेच, पण ते ऑफिसातल्या खुर्चीवर पेंगतात. स्टिअरिंगपुढे पेंगलं तर?

1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून 25 जण गेले. टायर फुटला की ड्रायव्हरला डुलकी लागली, यावर पुष्कळ चर्चा झाली. पण डुलकी येते कुठून? दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास ही मर्यादा 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेच घातली होती. ती राहिली कागदावर. त्यातून रात्री गाडी चालवणारा माणूस दिवसा झोपणार एका खोलीच्या घरात, जिथे 10 वाजता नळ येतो आणि शेजारचा टीव्ही तर बंदच होत नाही. पोरांना "गप बसा, बाबा झोपलेत" म्हणत दटावणं ही त्या घरातल्या बाईची वेगळीच ड्युटी!

व्यावसायिक लायसन्ससाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. त्यात नजर, रंग ओळखणं, कान यांची चौकशी असते, घोरण्याची नाही. ब्रिटनमध्ये दिवसा झापड आणणारा हा आजार लायसन्स खात्याला कळवावाच लागतो; तो आटोक्यात आला की गाडी पुन्हा चालवता येते. आणि मैत्रिणींनो, डॉक्टर या आजारासाठी जे 8 प्रश्न विचारतात, त्यातला एक असा आहे : झोपेत तुमचा श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का? हे 'कुणी' म्हणजे बायकोच की! तिला कोण विचारतं?

मी तिला म्हटलं, दवाखान्यात ने त्यांना. तर म्हणाली, "मालकाला कळलं तर गाडीवरून उतरवतील. हप्ते कोण भरणार?" मला उत्तर सुचलं नाही. तपासणी सक्तीची करा असं लिहिणं सोपं आहे. पण चाचणी म्हणजे एका रात्रीची मजुरी बुडाली, आणि झोपताना लावायच्या हवेच्या मशीनची किंमत त्याच्या पगाराहून जास्त. खर्च मालकाने उचलायचा आणि उपचार होईपर्यंत पगार चालू ठेवायचा, एवढं ठरल्याशिवाय कुठलाही ड्रायव्हर तोंड उघडणार नाही, आणि त्याची बायकोही.

शेवटी गटातून कर्ज काढून तीच त्यांना घेऊन गेली. चाचणी सुट्टीच्या रात्री ठरली आहे. मालकाला अजून सांगितलेलं नाही.