मोठा इन्व्हर्टर घेताय? आधी तार बघा

आरव्हीच्या छपरावर ४०० वॅटचे सोलर पॅनल, खाली १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि १००० वॅटचा इन्व्हर्टर. एवढं असूनही मायक्रोवेव्ह चालत नाही, म्हणून तुम्ही ३००० वॅटचा इन्व्हर्टर मागवता. जुना काढायचा, त्याच तारांना नवा जोडायचा, अर्ध्या तासाचं काम! माझं म्हणणं आहे, जरा थांबा. आधी आकडेमोड करा.

इन्व्हर्टर वीज तयार करत नाही. बॅटरीतल्या १२ व्होल्ट डीसीचं तो १२० व्होल्ट एसी करतो, एवढंच. १००० वॅटसाठी बॅटरीकडून सुमारे ८३ अँपिअर प्रवाह लागतो, ३००० वॅटसाठी २५०. रूपांतरात वाया जाणारी ऊर्जा धरली तर त्याहून जास्तच. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह तिप्पट झाला की त्याच तारेत उष्णता नऊपट! ही तार प्लायवुडच्या भिंतीमागून जाते आणि पलीकडे मुलं झोपलेली असतात.

फ्यूज उडाला तर तो त्याचं काम करतोय. 'सारखा उडतो' म्हणून त्याच तारेवर मोठा फ्यूज बसवणं ही सर्वांत घातक चूक. तो फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो.

आता बॅटरी बघू. १२.८ व्होल्ट गुणिले १०० म्हणजे १२८० वॅट-अवर. '१००० वॅट'चा मायक्रोवेव्ह प्रत्यक्षात सुमारे १५०० वॅट ओढतो. शिवाय अशा अनेक बॅटऱ्यांमधलं संरक्षक सर्किट १०० अँपिअरच्या वर सतत प्रवाह देतच नाही. म्हणजे ३००० वॅटचा इन्व्हर्टर बसवूनही मायक्रोवेव्ह बंद! वर तो इन्व्हर्टर नुसता चालू राहून २५ वॅट खात असेल, तर दिवसाला ६०० वॅट-अवर गेले, म्हणजे जवळजवळ अर्धी बॅटरी.

म्हणून माझ्या मते क्रम असा हवा : आधी उपकरणांची यादी, मग बॅटरी, मग तार आणि फ्यूज, आणि इन्व्हर्टर शेवटी. दोन बॅटऱ्या आणि २००० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर बहुतेक कुटुंबांना पुरतो. फक्त मिक्सर आणि मायक्रोवेव्ह एकदम लावू नका. खरंच ३००० वॅट हवे असतील तर २४ व्होल्टची यंत्रणा करा, प्रवाह निम्मा होईल.

पुढच्या सहलीला निघण्याआधी बॅटरीजवळच्या तारेवर छापलेला गेज आणि फ्यूजवरचा आकडा वाचून घ्या. पाच मिनिटं लागतील.