पहिली आठ भांडी आणि ‘पूर्वजांचे शहाणपण’

१/
“आपले पूर्वज तांब्याच्या आणि मातीच्या भांड्यांत रांधत, म्हणून ते निरोगी होते. तुम्हीही स्टील आणि कुकर टाकून द्या.” अशा आशयाचे संदेश इतिहासप्रेमी तरुणांमध्ये मोठ्या श्रद्धेने पुढे पाठवले जातात. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी घर सोडून प्रथमच बिऱ्हाड थाटणाऱ्यांना ते भुरळ घालतात आणि पहिल्या पगाराचा मोठा हिस्सा तांब्याच्या हंडीत जातो. माझे मत याच्या उलट आहे. इतिहास नीट वाचला, तर तो आपल्याला आठ साध्या वस्तूंपाशी आणून सोडतो.

२/
आरंभ इनामगावपासून करू. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या या स्थळाचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० दरम्यानची ही वसाहत ताम्रपाषाणयुगीन म्हणून ओळखली जाते. पण युगाच्या नावात तांबे असले, तरी चुलीवर तांबे नव्हते. ते दुर्मीळ होते. त्याचे मणी, बांगड्या, छोटी हत्यारे होत. अन्न शिजे ते मातीच्या भांड्यांत. म्हणजे ‘ताम्रयुगातील’ माणूससुद्धा जे परवडे आणि जवळ मिळे, त्यातच रांधत होता.

३/
आता श्रीमंतांचे स्वयंपाकघर पाहा. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही पाकशाळेची व्यवस्था नोंदवली आहे. बादशहासाठी वापरल्या जाणाऱ्या तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई होई, शहजाद्यांच्या भांड्यांना एकदा. मोडकी भांडी कारागिरांकडे देऊन त्यांतून नवी घडवली जात. तांब्यात रांधणाऱ्यांना तांब्याचा धोका पुरता ठाऊक होता. अन्नाचा स्पर्श होई तो कथिलाला.

४/
कल्हई म्हणजे काय? भांडे तापवायचे, नवसागर टाकून पृष्ठभाग स्वच्छ करायचा आणि वितळलेले कथील कापसाने आतून फिरवायचे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून रिकामे भांडे मोठ्या आचेवर राहिले की कल्हई गेलीच. ती झिजली आणि आत ताक, चिंच वा कोकम पडले, की पदार्थ कळकतो. ‘कळकणे’ हे क्रियापद मराठीत आहे, हाच एक ऐतिहासिक पुरावा समजा. आपल्या पणज्यांनी हा अनुभव इतक्या वेळा घेतला, की भाषेला त्यासाठी स्वतंत्र शब्द लागला. कल्हईवाला दारी येत नसेल, तर तांब्यात रांधू नये.

५/
मग तांब्या-पितळेचा एवढा मान का? पुण्याची तांबट आळी किंवा नाशिकचा भांडी बाजार केवळ स्वयंपाकासाठी उभा राहिला नाही. धातूचे भांडे हा संसाराचा ठेवा होता. अडचणीच्या वेळी ते गहाण पडे, मोडीत घालता येई. शिवाय मातीचे भांडे ‘विटाळले’ तर टाकावे लागे, धातूचे घासून शुद्ध होई. या शास्त्राधारामागे जातिव्यवस्था उभी होती. आपण ज्याला आरोग्याचे शहाणपण म्हणतो, त्यात संपत्ती आणि सोवळे यांचा वाटा मोठा आहे.

६/
भांडे मिळणे हीही सत्तेची बाब होती. मुक्ताबाईंची आख्यायिका आठवा. मांडे भाजायला त्यांना खापर हवे होते. कोणाही कुंभाराने ते देऊ नये, अशी तजवीज विसोबांनी केली. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगाग्नीने पाठ तापवली आणि तिच्यावर मांडे भाजले गेले. चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला, तरी गोष्टीचा गाभा उरतोच : एक मातीचे खापर नाकारले, की एका घरावर बहिष्कार पडतो. म्हणून पहिली भांडी निवडताना प्रतिष्ठेचा नव्हे, गरजेचा विचार करावा.

७/
गरज म्हणजे कामे. हजारो वर्षे स्वयंपाकघरातील कामे फारशी बदललेली नाहीत : शिजवणे, भाजणे, परतणे-तळणे, चिरणे, लाटणे, वाटणे आणि मोजणे. धातू बदलले, इंधन बदलले, बसण्या-उभे राहण्याची रीत बदलली. प्रत्येक कामाला एक चांगले साधन घेतले, तर नवशिक्याचे स्वयंपाकघर पुरे होते. आता एकेक पाहू.

८/
पहिला कुकर, तीन लिटरचा. डेनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली बंद झाकणाचे बाष्पपात्र आणि पुढे त्याची सुरक्षा-झडप लोकांसमोर आणली. वाफ कोंडल्याने दाब वाढतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. डाळ म्हणूनच लवकर शिजते. भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे दोन्ही कुकर १९५९ च्या सुमारास आले. कुकर परका म्हणून त्याला नाके मुरडणाऱ्यांनी धुराच्या चुलीसमोर डाळ शिजण्याची वाट पाहत बसलेल्या बाईचे तास आधी मोजावेत.

९/
दुसरा तवा, बिडाचा किंवा जाड लोखंडाचा. भाकरीसाठी रिकामा तवा चांगला तापावा लागतो. नॉनस्टिकचा लेप (१९३८ साली प्रयोगशाळेत योगायोगाने सापडलेला पदार्थ) साधारण २६० अंशांपलीकडे बिघडू लागतो. भाकरीच्या आचेला तो योग्य नाही. बिडाच्या तव्याला तेलाचा हात लावून तो दोन-चार वेळा तापवून घ्या, धुतल्यावर लगेच कोरडा करा. असा तवा पुढच्या पिढीला देता येतो. पूर्वजांकडून काही घ्यायचेच असेल, तर हे घ्यावे.

१०/
तिसरे स्टेनलेस स्टीलचे जाड बुडाचे पातेले, झाकणासह. १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियममिश्रित पोलादाचा हा गुण ओळखला. क्रोमियममुळे पृष्ठभागावर अदृश्य, संरक्षक थर तयार होतो. चिंचेची आमटी कळकत नाही, कल्हई लागत नाही. उणीव एकच : स्टील उष्णता नीट पसरवत नाही, म्हणून पातळ बुडाच्या पातेल्यात दूध करपते. वजन हातात तोलूनच पातेले घ्यावे.

११/
चौथी लोखंडी कढई, परतण्या-तळण्यासाठी. तिच्यात आंबट पदार्थ शिजवू नये, शिजलेली भाजी ठेवू नये. काळी पडते आणि लोखंडाची चव उतरते. पाचवे पोळपाट-लाटणे, ही लाकडी जोडी एकच वस्तू धरली आहे.

१२/
सहावी सुरी, सोबत लाकडी फळी. येथे विळीचे चाहते रुष्ट होतील. पण विळी हे जमिनीवर बसून रांधणाऱ्या घराचे हत्यार आहे : पाट पायाखाली, पाते स्थिर, दोन्ही हात मोकळे. चूल जमिनीवर होती तोवर ती रचना अप्रतिम होती. स्वयंपाक ओट्यावर चढला आणि माणूस उभा राहिला, तेव्हा पाते हातात आले. नारळ खवणारे घर असेल तर विळी जरूर ठेवा. आरंभ मात्र एका धारदार सुरीने करा. बोथट सुरीच अधिक बोटे कापते, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो.

१३/
सातवा लहान खलबत्ता. ‘पाट्यावरच्या वाटणाची चव निराळी’ हे खरे आहे. पण पाटा-वरवंटा आणि जाते यांचा इतिहास केवळ चवीचा नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. पहाटेच्या अंधारात दळणाऱ्या बायकांचे कष्ट त्यांत आहेत. दगडाची महती गाताना तो ओढणारे हात विसरणे, ही इतिहासाची थट्टा होय. रोजच्या आले-लसणाला खलबत्ता पुरतो. पुढे सवड आणि पैसा झाला की मिक्सर निःसंकोच घ्यावा.

१४/
आठवी वस्तू सर्वांत स्वस्त : एक वाटी. १९५६ च्या कायद्याने शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने मात्र वाटी-चमच्याची घरगुती मापे मराठी घरांत रुजवली. वाटी लहान की मोठी, याला फारसे महत्त्व नाही. तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने मोजले की प्रमाण बिघडत नाही. म्हणून एकच वाटी ठरवून ठेवा.

१५/
या आठांच्या दिमतीला पळी, उलथने, सांडशी आणि चाळणी एवढे पुरे. बाजारातील बारा-पंधरा भांड्यांचा ‘संच’ घेऊ नका. त्यातली निम्मी माळ्यावर जातात. कोणी म्हणेल, ‘मग परंपरेचे काय?’ परंपरा म्हणजे विशिष्ट धातू नव्हे. हाताशी असलेल्या साधनांतून कामाला योग्य ते निवडण्याची आणि निरुपयोगी झाले ते मोडीत घालण्याची रीत, ही परंपरा. इनामगावच्या कुंभारापासून कल्हईवाल्यापर्यंत सर्वांनी तीच पाळली.

१६/
आणि आजीचे पितळी पातेले? ते मोडीत घालू नका. रांधण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी ठेवा. त्याच्या काठावर टोचलेले नाव, तारीख, क्वचित लग्नमुंजीचा उल्लेख हा तुमच्या घराचा छोटा शिलालेखच आहे. घरी गेलात की एखादे भांडे उजेडात धरून त्यावरचा मजकूर वाचा आणि या धाग्याखाली वर्ष व गाव लिहा. भात मात्र कुकरमध्येच लावा.